मॅफेकिंगचं निळं तिकीट

हॉस्टेलवर कुणाला क्रिकेटचं वेड, कुणाला गाण्यांचं. मला स्काउटिंगच्या जुन्या पाकिटांचं. मी देवरीचा. मुंबई-कोलकाता हायवेवरचं, छत्तीसगडच्या सीमेजवळचं आमचं गाव. तिथे शंभर वर्षांपूर्वीची विलायती कव्हरं कुठून मिळणार? म्हणून माझ्या फाइलमध्ये आपल्या पोस्टखात्याची थोडी पाकिटं आणि महागड्या कव्हरांचे रंगीत प्रिंटआउट असा मिश्र संसार आहे. पण या फाइलमुळेच मला एक माणूस नीट कळला. रॉबर्ट बेडन-पॉवेल, स्काउट चळवळीचे जनक.

त्यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा, लंडनमधला. वडील ऑक्सफर्डला भूमितीचे प्राध्यापक. मुलगा तीन वर्षांचा असतानाच ते वारले. चार्टरहाउस शाळेत असताना हा मुलगा शिक्षकांची नजर चुकवून जवळच्या झाडीत लपायचा, ससे पकडून शिजवायचा. अभ्यासात यथातथाच. ऑक्सफर्डला प्रवेश मिळाला नाही, म्हणून लष्कराची परीक्षा दिली आणि त्यात मात्र वरचा नंबर काढला. १८७६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, ते लखनौला १३ व्या हुसार्स पलटणीत दाखल झाले. म्हणजे आपण सेकंड इयरला असतो त्या वयात ते भारतात नोकरीला लागले होते! पुढे १८९७ पासून मेरठला त्यांनी ५ व्या ड्रॅगून गार्ड्सचं नेतृत्व केलं. जवानांना टेहळणी कशी करावी, माग कसा काढावा हे ते शिकवत. त्यावरचं त्यांचं छोटं पुस्तक १८९९ मध्ये निघालं.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलं. १३ ऑक्टोबर १८९९ ला मॅफेकिंग या छोट्या गावाला वेढा पडला, तो १७ मे १९०० ला उठला. २१७ दिवस! गावाची कमान बेडन-पॉवेलांकडे होती. मोठी माणसं लढाईला हवीत, म्हणून पोरांचं एक कॅडेट पथक उभं केलं होतं. निरोप पोचवायचे, पहारा द्यायचा, टपाल वाटायचं ही त्यांची कामं. आधी गाढवांवरून, मग सायकलवरून. वॉर्नर गुडइयर हा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा त्यांचा सार्जंट-मेजर. पोरांवर जबाबदारी टाकली की ती पार पाडतात, ही स्काउटिंगची मूळ कल्पना इथे पक्की झाली.

एप्रिल १९०० मध्ये गावातल्या टपालासाठी तिकिटं छापायची ठरली. छापखान्याची सोय तुटपुंजी. मग काय केलं असेल? ब्लूप्रिंट! लोहाच्या क्षारांचा लेप दिलेला कागद निगेटिव्हखाली उन्हात ठेवायचा आणि पाण्याने धुवायचा. ऊन लागलेला भाग निळा होतो. पूर्वी इंजिनिअरांचे नकाशे याच पद्धतीने निघायचे. त्यामुळे आपल्या ड्रॉइंग हॉलचं आणि या तिकिटाचं नातं सख्ख्या चुलत भावांचं म्हणायला हरकत नाही. एक पेनीच्या तिकिटावर सायकलवरचा गुडइयर आणि तीन पेनीच्या तिकिटावर खुद्द बेडन-पॉवेल. स्काउटिंगची सुरुवातीची कव्हरं जमवणारे आपल्या अल्बमचं पहिलं पान या निळ्या तिकिटाला देतात, जरी तेव्हा स्काउटिंग जन्मालाही आलं नव्हतं.

पण वेढ्यातली दुसरीही पाकिटं आहेत. गावाबाहेर जाणाऱ्या पत्रांवर जुनीच तिकिटं, वर मॅफेकिंग वेढ्यात असल्याचा छापा. ही पत्रं पोरांनी सायकलवरून नेली नाहीत. आफ्रिकन हलकारे रात्रीच्या अंधारात शत्रूच्या फळीतून ती घेऊन जायचे. पकडलं गेलं तर जीव जायचा. त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा कुठल्या तिकिटावर आला नाही. गावातल्या काळ्या लोकांना शिधाही गोऱ्यांपेक्षा कमी मिळाला आणि त्यांच्यात उपासमारीने माणसं मेली. यात बेडन-पॉवेलांचा दोष किती, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. कोर्टातला एक दुभाषी, सॉल प्लाट्जे, तेव्हा रोजनिशी लिहीत होता. वय तेवीस. ती छापून यायला १९७३ साल उजाडलं. निळी तिकिटं मात्र कधीच जगभर गेली होती.

बेडन-पॉवेल इंग्लंडला परतले ते हिरो होऊन. १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. त्यात श्रीमंत शाळांतली मुलं होती आणि कामगारांचीही. पुढच्याच वर्षी मुलांसाठीचं त्यांचं स्काउटिंगचं पुस्तक निघालं आणि चळवळ वाऱ्यासारखी पसरली. ७ नोव्हेंबर १९१८ ला प्रागमध्ये, चेकोस्लोव्हाकिया नुकताच स्वतंत्र झालेला असताना, स्काउट मुलं नव्या सरकारचं टपाल वाटू लागली. त्यासाठी निळं आणि लाल अशी दोन तिकिटं निघाली. मॅफेकिंगचं काम इथे खऱ्याखुऱ्या स्काउटांनी केलं.

आपल्याकडे मात्र सुरुवातीला ही चळवळ गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. ॲनी बेझंट वगैरेंनी भारतीय मुलांसाठी वेगळी पथकं काढली. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले, तेव्हा एकीकरणाला वाट मिळाली. आमची देवरी तेव्हा मध्यप्रांतात. या प्रांतात स्काउटिंगची धुरा पुढे बरीच वर्षं नागपूरच्या व्हिव्हियन बोस यांनी वाहिली. हेच नंतर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९३७ च्या दिल्ली जांबोरीनंतर भारतीयांविषयीच्या बेडन-पॉवेलांच्या वक्तव्यावरून वाद पेटला आणि १९३८ मध्ये वेगळी हिंदुस्तान स्काउट संघटना निघाली. शेवटी ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काउट्स अँड गाइड्स स्थापन झाली. प्रागच्या टपालाचीही तीच तारीख! असे योगायोग सापडले की संग्राहकाला मेसचं जेवणही गोड लागतं.

बेडन-पॉवेल ८ जानेवारी १९४१ ला केनियातल्या न्येरी इथे गेले. त्यांच्या कागदांत स्काउटांसाठी आधीच लिहून ठेवलेलं निरोपाचं पत्र सापडलं. थडग्यावर वर्तुळ आणि मधे टिंब. माग काढण्याच्या खुणांमध्ये त्याचा अर्थ, मी घरी गेलो.

मला हा माणूस आवडतो. ज्याने पोरांवर विश्वास टाकला तो आपल्याला आवडणारच. पण म्हणून त्या हलकाऱ्यांना विसरावं असं मला वाटत नाही. माझ्या फाइलमध्ये निळ्या तिकिटाच्या प्रिंटआउटसमोरच्या पानावर मी बाहेर गेलेल्या एका पाकिटाचा प्रिंटआउट लावलाय. पत्र नेणाऱ्याचं नाव लिहायला खाली जागा सोडली आहे. ती अजून रिकामीच आहे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी माळ्यावर जुनी पाकिटं असतील तर फेकू नका. तिकीट कापूनही घेऊ नका. आख्खं पाकीट ठेवा. तिकीट, शिक्का, पत्ता सगळं बघा. आणि ते कुणी पोचवलं असेल, हेही एकदा मनात आणा.