योनाथान : मित्रासाठी सिंहासन सोडणारा राजपुत्र

शेताच्या वाटणीवरून सख्ख्या भावांनी अबोला धरल्याची उदाहरणे आपल्या अमरावती-अकोल्याच्या वऱ्हाडात नवी नाहीत. वारसाहक्क सोडणे किती कठीण असते, हे आपणांस सांगावे लागत नाही. म्हणूनच आम्ही आज योनाथानाचे चरित्र आपणांपुढे ठेवीत आहोत.

योनाथान हा इस्राएलचा पहिला राजा शौल याचा पुत्र. काळ सुमारे ख्रिस्तपूर्व ११ वे शतक. मिखमाश येथे केवळ शस्त्रवाहकास सोबत घेऊन तो कडा चढून गेला व पलिष्ट्यांच्या ठाण्यावर तुटून पडला. सुमारे २० शत्रू तेथे ठार झाले. असा शूर राजपुत्रच पुढे राजा होणार, हे उघड होते.

गल्याथाच्या वधानंतर मेंढपाळ दावीद राजदरबारी आला. योनाथानाने त्याच्याशी मैत्रीचा करार केला आणि आपला झगा, तलवार, धनुष्य व कमरबंद त्यास दिला. दावीदाची कीर्ती वाढताच शौल मत्सराने पेटला. योनाथानाने पित्यापुढे मित्राची बाजू मांडली. दावीद जिवंत असेतो पुत्राला राज्य लाभणार नाही, हे शौलाने त्यास सुनावले व त्याच्यावरच भाला फेकला. तरीही बाणांची ठरलेली खूण देऊन योनाथानाने मित्राला सावध केले. पुढे जीफच्या रानात जाऊन त्यास धीर दिला. दावीदाने राजा व्हावे व आपण दुय्यम असावे, हे त्याने आनंदाने मान्य केले.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. मित्रासाठी योनाथानाने पित्याचा त्याग केला नाही. दावीदाबरोबर रानात न राहता तो घरी परतला आणि गिलबोवा डोंगरावरील लढाईत पित्याच्या व दोन भावांच्या सोबतच धारातीर्थी पडला. मित्रनिष्ठेपायी त्याने राज्य सोडले, पितृनिष्ठेपायी प्राण दिला.

जुन्या राजघराण्याचा वंश उरू न देणे, ही त्या काळातील अनेक राजांची रीत. दावीदाने मात्र योनाथानाचा पायांनी अधू असलेला पुत्र मफीबोशेथ यास शोधून काढले, शौलाची सर्व जमीन त्यास परत दिली व आपल्या पंक्तीला कायमचे स्थान दिले. पित्याने स्वेच्छेने सोडलेल्या हक्काचे फळ पुत्राला असे मिळाले.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील अध्याय १८ ते २० आणि दुसऱ्या पुस्तकातील अध्याय ९ कुटुंबात एकत्र बसून वाचावेत, अशी आमची विनंती आहे. ज्या घरात वाटणीचा वाद चालू आहे, तेथे तर ते अवश्य वाचावेत.