दलालांना वगळणारा कापडव्यापारी

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील २८० क्रमांकाची संगमरवरी इमारत ‘सन बिल्डिंग’ म्हणून ओळखली जाते. हे नाव तिथे पुढे आलेल्या वृत्तपत्राचे. १८४६ साली ती उभी राहिली ती मात्र कापडाच्या दुकानासाठी. तिचा मालक अलेक्झांडर टर्नी स्टुअर्ट हा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेच्या अतिश्रीमंतांपैकी एक. कापड विणणारा आणि विकणारा यांच्यामध्ये उभी असलेली माणसांची रांग त्याने मोडून काढली. त्याच्या वैभवाचे मूळ तिथे होते.

स्टुअर्टचा जन्म १८०३ साली आयर्लंडमधील लिस्बर्नचा. हा लिनन विणणाऱ्यांचा मुलूख. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि आजोबांनी त्याला वाढवले. नातवाने धर्मोपदेशक व्हावे, ही त्यांची इच्छा. पण तरुणपणीच तो न्यूयॉर्कला आला आणि शाळेत शिकवू लागला. पुढे वारशाची रक्कम घेण्यासाठी मायदेशी गेला आणि परतताना तिचे आयरिश लिनन व लेस खरेदी करून आला. त्या मालावर १८२३ साली ब्रॉडवेवर त्याचे छोटेसे दुकान सुरू झाले. अवघ्या विशीतल्या या तरुणाने पहिलीच खरेदी थेट उत्पादकांच्या मुलखात जाऊन केली होती.

त्या काळी मँचेस्टरचे कापड न्यूयॉर्कच्या गिऱ्हाइकापर्यंत पोहोचेतो अनेक हातांतून जाई. गिरणीकडून निर्यातदार पेढीकडे, तिथून आयातदाराकडे, मग घाऊक व्यापाऱ्याकडे आणि शेवटी दुकानात. प्रत्येक टप्प्यावर आडत चढे आणि महिनोन्‌महिन्यांच्या उधारीचे व्याजही भावातच मिसळलेले असे. १८१५ नंतर ब्रिटिश माल न्यूयॉर्कच्या लिलावांत थेट ओतला जाऊ लागला, तेव्हा ही साखळी थोडी आखूड झाली. स्टुअर्ट या लिलावांत तरबेज झाला. १८३७ च्या आर्थिक अरिष्टात व्यापारी पैशासाठी कासावीस झाले असताना त्याच्या हाती रोकड होती. पडेल भावाने निघालेला माल त्याने उचलला आणि थोड्या नफ्यावर विकून टाकला.

तथापि लिलावात मिळते ते दुसऱ्याने निवडलेले किंवा दुसऱ्याला नकोसे झालेले. आपल्या गिऱ्हाइकाला हवे ते हव्या त्या वेळी मिळवायचे, तर खरेदीदार विणकराच्या दारातच उभा हवा. म्हणून स्टुअर्टने मँचेस्टर, बेलफास्ट, ग्लासगो, पॅरिस, लिआँ, बर्लिन अशा ठिकाणी स्वतःची खरेदी कार्यालये उघडली. तिथले प्रतिनिधी त्याचे पगारी नोकर होते. आडत खाणारे दलाल नव्हते. मागणी प्रचंड आणि पैसे रोख, त्यामुळे उत्पादकालाही हा सौदा परवडे.

दलाल गेला की त्याची आडत वाचते. पण त्याने अंगावर घेतलेला धोकाही आपल्याच अंगावर येतो, हे या कथेत बहुधा विसरले जाते. माल समुद्रात असताना भाव पडले, जकातीचा आकार वाढला किंवा पॅरिसची लहर फिरली, तर नुकसान आता स्टुअर्टचे. त्यावरचा त्याचा उपाय निष्ठुर होता. पडून राहिलेला माल तो खरेदीच्या भावात, प्रसंगी त्याहूनही कमी भावात काढून टाकी. अडकलेला पैसा त्याला तोट्यापेक्षा अधिक सलत असे.

दुकानात सर्वांना एकच भाव, घासाघीस नाही. नोकरांवर मात्र करडी नजर आणि चुकीला दंड. १८६२ मध्ये ब्रॉडवेवरच बिडाच्या सांगाड्याचे त्याचे भव्य नवे दुकान उघडले आणि जुना संगमरवरी वाडा घाऊक व्यापाराला दिला गेला. गावोगावचे दुकानदार तिथे माल भरायला येत. मध्यस्थांना हटवणारा हा माणूस अशा रीतीने स्वतःच सर्वांत मोठा मध्यस्थ होऊन बसला! त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. त्या युद्धाने मुंबईच्या कापूसबाजारात सोन्याचा पूर आणला; इकडे स्टुअर्ट उत्तरेच्या फौजेला कापड पुरवीत होता.

१८६९ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी त्याची अर्थमंत्रिपदासाठी निवड केली. सिनेटने मान्यताही दिली. मग कुणाच्या तरी ध्यानात आले की, १७८९ च्या कायद्यानुसार व्यापारधंद्यात गुंतलेल्या व्यक्तीला हे पद घेता येत नाही. जकात खाते अर्थमंत्र्याच्या अखत्यारीत, तेव्हा देशातील मोठ्या आयातदाराच्याच हाती ते सोपवायचे कसे? ग्रँट यांनी सवलत मागून पाहिली. पदावर असेतो सारा नफा धर्मादायाला देण्याची तयारी स्टुअर्टने दाखवली. परंतु काँग्रेस बधली नाही आणि त्याचे नाव मागे पडले. आक्षेप घेणाऱ्यांची बाजू रास्त होती, हे मान्य करावेच लागेल.

१८७६ मध्ये तो निवर्तला, तेव्हा मागे पत्नी होती, मूलबाळ नव्हते. कारभार स्नेही न्यायमूर्ती हेन्री हिल्टन यांच्याकडे गेला. स्टुअर्टच्या मालमत्तेतील साराटोगा येथील हॉटेलात १८७७ साली जोसेफ सेलिगमन या ज्यू पेढीवाल्यास प्रवेश नाकारण्यात आला. संतापलेल्या ज्यू व्यापाऱ्यांनी पेढीकडे पाठ फिरवली. पुढच्या वर्षी तर स्टुअर्टचे शवही चोरट्यांनी दफनभूमीतून पळवले. देशोदेशीची खरेदी एका माणसाच्या नजरेवर चालली होती. ती नजर मिटल्यावर काही वर्षांतच पेढी गुंडाळली गेली. बिडाची ती इमारत १८९६ मध्ये जॉन वानामेकर या फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्याने घेतली आणि १९५६ च्या आगीत ती भस्मसात झाली.