विश्लेषण : अमेरिकी विमानांचा कारखाना भारतात आणणारे वालचंद हिराचंद

फ्रान्सची दासो कंपनी आपली ‘फाल्कन 2000’ ही व्यावसायिक विमाने नागपूरच्या मिहानमध्ये तयार करणार, अशी घोषणा जून 2025 मध्ये झाली. फ्रान्सबाहेर ही विमाने प्रथमच बनणार असल्याने तिची बरीच चर्चा झाली. मात्र, परदेशी विमानांची जोडणी भारतात करण्याची सुरुवात सुमारे 85 वर्षांपूर्वीच झाली होती. ती घडवून आणणारे उद्योजक मूळचे सोलापूरचे. फणसवाडीतून चिराबाजारमार्गे धोबीतलावला यावे आणि सीएसएमटी ओलांडून बॅलार्ड इस्टेटकडे वळावे, तर तिथल्या एका रस्त्याला त्यांचे नाव दिलेले आढळते : वालचंद हिराचंद मार्ग. वालचंद यांनी विमान कारखाना कसा उभारला, सव्वा वर्षात तो त्यांच्या हातून का गेला आणि मागे काय उरले, याविषयी...

वालचंद हिराचंद कोण होते?

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. घराणे गुजराती जैन व्यापाऱ्यांचे. पण कुटुंब सोलापुरात स्थायिक झालेले. मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे ते काही काळ शिकले. शिक्षण अर्धवट सोडून घरच्या व्यापारात आले, परंतु कापूस आणि सावकारीत त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेण्यास सुरुवात केली. बार्शी लाइट रेल्वेच्या छोट्या कामापासून सुरू झालेला हा धंदा पुढे भोर घाटातील बोगद्यांपर्यंत पोहोचला.

पहिल्या महायुद्धानंतर ते जहाज व्यवसायात उतरले. नरोत्तम मोरारजी आदींसोबत त्यांनी 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनकडे निघाले. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ब्रिटिश जहाज कंपन्यांनी दर पाडून सिंदियाला बाजारातून उठवण्याचा प्रयत्न केला. सरकारी धोरण कोणाच्या बाजूने झुकते, हे वालचंद यांनी तेव्हाच अनुभवले. विमान कारखान्याच्या वेळी हा अनुभव पुन्हा आला.

विमान कारखान्याची कल्पना कुठून आली?

वालचंद 1939 मध्ये अमेरिकेला गेले ते मोटार कारखान्यासाठी. परतीच्या प्रवासात प्रशांत महासागरावरून जाणाऱ्या विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी व्यावसायिकाशी गाठ पडली. पॉली यांनी चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवला होता. अमेरिकी कंपन्यांकडून विमानांचे सुटे भाग आणायचे, ते चिनी कामगारांच्या हातून जोडायचे आणि तयार विमाने चीन सरकारला द्यायची, असा तो उद्योग होता. जपानी हल्ल्यांमुळे हा कारखाना हांगचौहून हांकौला आणि तिथून ब्रह्मदेशाच्या सीमेजवळ हलवावा लागला होता.

चीनमध्ये जे जमते ते भारतात का जमू नये, असा विचार वालचंद यांनी केला. यात अमेरिकी कंपन्यांना नवी बाजारपेठ मिळणार होती, पॉली यांना सुरक्षित जागा मिळणार होती आणि भारताला यंत्रे व प्रशिक्षित माणसे मिळणार होती. वालचंद यांना हवी होती ती शेवटची गोष्ट.

सरकारची भूमिका काय होती?

सुरुवातीला उदासीन. अमेरिकेत मिळणारी यंत्रे ब्रिटनमधील कारखान्यांना हवी होती, त्यात भारताने वाटा मागणे लंडनला रुचणारे नव्हते. वसाहतीत विमाने बनू लागली तर युद्धानंतर काय, हाही प्रश्न होता. जून 1940 मध्ये फ्रान्स पडला आणि चित्र बदलले. ब्रिटन स्वतःच्या बचावात गुंतल्याने भारताला तिथून विमाने मिळण्याची शक्यता मावळली. अखेर भारत सरकारने विमानांची मागणी नोंदवण्याची तयारी दाखवली.

कारखाना बेंगळूरुतच का?

म्हैसूर संस्थानचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी पुढाकार घेतला. संस्थानने जमीन आणि भांडवल दिले. बेंगळूरु समुद्रकिनाऱ्यापासून दूर असल्याने शत्रूच्या हल्ल्याचा धोका कमी होता. शिवनसमुद्रची जलविद्युत, भद्रावतीचे पोलाद आणि भारतीय विज्ञान संस्था या तीन गोष्टी हाताशी होत्या. 23 डिसेंबर 1940 रोजी ‘हिंदुस्तान एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन झाली. तिचे अधिकृत भांडवल 4 कोटी रुपये होते. मार्च 1941 मध्ये भारत सरकारही भागीदार झाले.

प्रत्यक्षात काय बनत होते?

कंपनीकडे तीन अमेरिकी विमानांचे काम होते : हार्लो हे प्रशिक्षण विमान, कर्टिसचे हॉक हे लढाऊ विमान आणि व्हल्टीचे बॉम्बफेकी विमान. यांचे आराखडे अमेरिकेतले, इंजिने तिथली आणि बहुतेक सुटे भागही तिथलेच होते. बेंगळूरुत त्यांची जोडणी, तपासणी आणि चाचणी होणार होती. त्यामुळे याला उत्पादन म्हणावे की जोडणी, ही आजची चर्चा तेव्हाही लागू होती.

पण जोडणीसाठीही यंत्रशाळा लागते, मोजमापे अचूक लागतात आणि प्रत्येक टप्प्यावर तपासनीस लागतो. पॉली यांनी अमेरिकेतून यंत्रे आणि तंत्रज्ञ आणले आणि त्यांच्या हाताखाली भारतीय तरुण शिकू लागले. जोडलेले पहिले हार्लो विमान ऑगस्ट 1941 मध्ये उडाले, तर पहिले हॉक जुलै 1942 मध्ये.

कारखाना वालचंद यांच्या हातून का गेला?

पहिले हॉक उडाले तेव्हा वालचंद मालक राहिले नव्हते. डिसेंबर 1941 मध्ये जपान युद्धात उतरला. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर आणि मार्चमध्ये रंगून पडले. विमान कारखाना खासगी हातात ठेवणे योग्य नाही, असे सरकारने ठरवले आणि एप्रिल 1942 मध्ये वालचंद व त्यांच्या सहकाऱ्यांचे भाग विकत घेतले. म्हैसूर संस्थानने आपला वाटा विकला नाही, मात्र व्यवस्थापन सरकारकडे सोपवले. मोबदला मिळाला, पण उभ्या केलेल्या कामावरचा अधिकार गेला.

त्यानंतर नव्या विमानांची जोडणीही मागे पडली. अमेरिकेतील कारखान्यांचे उत्पादन प्रचंड वाढले होते. तयार विमाने थेट येत असताना सुटे भाग पाठवून ती भारतात जोडण्याची गरज उरली नाही. गरज होती ती दुरुस्तीची. 1943 पासून अमेरिकी हवाई दलाने बेंगळूरुचा कारखाना विमानांच्या दुरुस्तीसाठी वापरला. कॅटलिना ही पाण्यावर उतरणारी विमाने तर बेळ्ळंदूर तलावात उतरवली जात.

मग मागे काय उरले?

जोडलेल्या विमानांची संख्या पाहिली तर फार काही नाही. ती मोजकीच होती. पण दुरुस्तीच्या कामामुळे हजारो कामगारांचे हात विमानावर बसले. अमेरिकी हवाई दलाने युद्धानंतर निकामी करून कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बफेकी विमाने याच कारखान्याने पुन्हा उडण्याजोगी केली आणि 1948 मध्ये ती भारतीय हवाई दलात दाखल झाली.

आराखड्याचे कामही इथेच सुरू झाले. कोल्हापूरजवळच्या हसूरचे डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीतील गटिंगेन येथे शिकून आले होते. त्यांनी युद्धकाळातच या कारखान्यात ग्लायडरचा आराखडा केला. भारतीय विज्ञान संस्थेत 1942 मध्ये सुरू झालेल्या विमान अभियांत्रिकी विभागाची उभारणीही त्यांनी केली. त्यांच्या चमूने आखलेले ‘एचटी-2’ हे प्रशिक्षण विमान 1951 मध्ये उडाले. त्याचा आराखडा परदेशातून आलेला नव्हता. पुढे 1964 मध्ये विलीनीकरणातून ‘हिंदुस्तान एअरोनॉटिक्स’ म्हणजे एचएएल आकाराला आली. नाशिकजवळ ओझर येथे पूर्वी मिग विमाने बनवणारा कारखाना याच कंपनीचा.

वालचंद यांचे पुढे काय झाले?

मोटारीचा नाद त्यांनी सोडला नाही. 1944 मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 मध्ये पहिली गाडी बाहेर पडली, तीही अमेरिकी क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने. गिरगावकरांच्या ओळखीची काळी-पिवळी ‘पद्मिनी’ टॅक्सी याच कंपनीची. विशाखापट्टणमच्या त्यांच्या जहाज कारखान्यातून 1948 मध्ये ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले. 1952 मध्ये तो कारखानाही सरकारी कंपनीकडे गेला. 1949 मध्ये पक्षाघाताचा झटका आल्यानंतर वालचंद कामकाजातून निवृत्त झाले. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

आजच्या प्रकल्पांसाठी याचा अर्थ काय?

विमान कंपनी काम परदेशात हलवते ती स्वतःच्या गरजेने. कधी खर्च वाचवायचा असतो, कधी ग्राहक देशाची अट पाळायची असते, तर कधी युद्धामुळे दुसरा मार्ग उरत नाही. ती गरज संपली की काम परतही जाते. बेंगळूरुत 1942 नंतर जोडणीचे काम आटले ते यामुळेच. यंत्रशाळा, तपासनीस, अभियंते आणि त्यांना घडवणारी संस्था मात्र तिथेच राहिली. मिहानमधून किती विमाने बाहेर पडतात, हा आकडा दरवर्षी जाहीर होईल. त्यासोबत तिथे कोणते भाग घडवले जातात, किती तंत्रज्ञ तयार होतात आणि आराखड्याचे किती काम नागपुरात येते, याची माहितीही मागायला हवी.