नाझींनी नोकरीवरून काढलेल्या या डॉक्टरनं यकृताचं कोडं सोडवलं होतं

भजी हलकी व्हावीत म्हणून पिठात चिमूटभर खायचा सोडा टाकतात. केमिस्ट्रीच्या भाषेत तो सोडियम बायकार्बोनेट. सोडियम आणि बायकार्बोनेटची हीच जोडी आपल्या रक्तातही फिरत असते. हान्स क्रेब्स यांनी हीच जोडी काचेच्या भांड्यात नीट जमवली आणि यकृताचं एक मोठं कोडं सुटलं. बारावीला सायन्स असेल तर 'क्रेब्स सायकल' पाठ केली असेलच, तेच हे क्रेब्स.

त्यांचा जन्म १९०० चा, जर्मनीतल्या हिल्डेसहाइमचा. घर ज्यू, वडील कान-नाक-घशाचे डॉक्टर. हान्सही डॉक्टर झाले, पण ओढा संशोधनाकडे. बर्लिनमध्ये ओटो वॉरबर्ग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी चार वर्षं काढली. जिवंत अवयवाच्या पातळ चकत्या कापायच्या आणि त्या किती वायू घेतात-सोडतात हे मॅनोमीटरनं मोजायचं, ही विद्या तिथली. १९३० मध्ये मात्र वॉरबर्ग यांनी त्यांना दुसरी नोकरी शोधायला सांगितलं.

१९३१ मध्ये ते फ्रायबुर्गच्या हॉस्पिटलात आले. वॉर्डातले पेशंट सांभाळून प्रयोग सुरू केले. सोबतीला कुर्ट हेन्सेलाइट नावाचा मेडिकलचा विद्यार्थी. प्रश्न असा होता, की प्रथिनांपासून निघणारा अमोनिया विषारी असतो. यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीतून बाहेर जातो. पण करतं कसं?

चकती जिवंत ठेवायची तर तिला शरीराबाहेर असल्याचं कळताच कामा नये. म्हणून दोघांनी रक्तातल्या क्षारांशी मिळतंजुळतं द्रावण बनवलं. त्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि रक्तात असतं जवळपास तेवढं बायकार्बोनेट.

एवढा काटेकोरपणा कशाला? तर पेशीचं आवरण चरबीचं असतं. विद्युतभार असलेले कण त्यातून आपोआप आरपार जात नाहीत. त्यांच्यासाठी प्रथिनांची दारं असतात. एक पंप दर खेपेला तीन सोडियम बाहेर फेकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करतो. त्यामुळे बाहेर सोडियम जास्त, आत कमी. मग बाहेरचं सोडियम आत शिरायला टपलेलंच असतं. यकृताच्या पेशीत एका वेगळ्या दारातून ते शिरताना बायकार्बोनेटलाही सोबत ओढून आणतं. हे बायकार्बोनेट पेशीत साठणारं आम्ल निकामी करतं. बाहेरचं पाणी चुकीचं असेल तर हा सगळा व्यवहार कोलमडतो. ही दारं कशी चालतात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. सोडियम-बायकार्बोनेटचं जोडीचं दार तर १९८३ मध्ये, तेही आधी सॅलॅमँडरच्या मूत्रपिंडात सापडलं.

तर, द्रावणात उंदराच्या यकृताच्या चकत्या आणि अमोनिया. त्यात एकेक अमिनो आम्ल टाकून बघायचं. ऑर्निथिन टाकलं आणि युरियाचा वेग झपाट्यानं वाढला. गंमत म्हणजे ऑर्निथिन संपतच नव्हतं! ते कामाला लागून, फिरून परत जागेवर येत होतं. शरीरातली रसायनं अशी गोल फिरतात हे पहिल्यांदा दिसलं. युरियातला कार्बनही बायकार्बोनेटमधूनच येतो, हे आज माहीत आहे. १९३२ मध्ये शोध छापून आला आणि क्रेब्स यांचं नाव झालं.

पुढच्याच वर्षी हिटलर सत्तेवर आला. ज्यूंना सरकारी नोकरीतून काढायचा कायदा एप्रिलमध्ये झाला आणि क्रेब्स यांची नोकरी गेली. जूनमध्ये ते केंब्रिजला पोहोचले. नशीब एवढंच, की उपकरणं सोबत न्यायची परवानगी मिळाली होती. तेच मॅनोमीटर पुढे शेफिल्डमध्ये कामी आले.

तिथे १९३७ मध्ये त्यांनी सायट्रिक आम्लाचं चक्र शोधलं. पाठ्यपुस्तकातली ती 'क्रेब्स सायकल' हीच. 'नेचर'नं ते छापायला नकार दिला होता. १९५३ मध्ये त्याच कामाला नोबेल मिळालं. नोबेल दुसऱ्या चक्राला मिळालं, तरी यकृताचं चक्र मागे टाकता येत नाही. चाकासारखा विचार करायची सवय तिथेच लागली होती.

क्रेब्स १९८१ मध्ये ऑक्सफर्डला वारले. क्रेब्स-हेन्सेलाइट द्रावण आजही प्रयोगशाळांत वापरतात. २०१५ मध्ये कुटुंबानं त्यांचं नोबेल पदक लिलावात काढलं. २ लाख ७५ हजार पौंड आले. त्यातून देश सोडून पळावं लागलेल्या तरुण संशोधकांसाठी ट्रस्ट उभा राहिला.