अभियंता दिन विशेष : सर विश्वेश्वरय्या आणि 'सिव्हिल'ची वाट



१५ सप्टेंबर हा अभियंता दिन. शाळेत आपण फोटोला हार घालतो, दोन मुलं भाषण करतात. पण ज्यांच्या नावाने हा दिवस आहे त्यांनी शिक्षण कोणतं घेतलं आणि त्याचं पुढे काय केलं, हे सांगायचं बऱ्याचदा राहूनच जातं. सिव्हिल म्हणजे फक्त बिल्डिंगा बांधणं, असा समज पालकांमध्ये आहे. तो दूर करायला विश्वेश्वरय्यांचं चरित्र फार उपयोगी आहे.

बालपण व शिक्षण

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या छोट्या गावात झाला. वडील संस्कृतचे पंडित. ते लवकर वारले आणि घरची परिस्थिती बेताचीच राहिली. बंगळूरला शिकताना ते मुलांच्या शिकवण्या घेऊन आपला खर्च भागवत. १८८१ साली ते बी.ए. झाले.

त्यानंतर म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आले. हेच आजचे सीओईपी. तिथे ते स्थापत्य अभियांत्रिकी शिकले आणि १८८३ साली एल.सी.ई. ही त्या काळची परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. म्हणजे आधी बी.ए. आणि मग इंजिनिअरिंग! हुशारी होतीच, पण शिष्यवृत्ती नसती तर पुण्याचा खर्च झेपला असता का, याचाही पालकांनी विचार करावा.

एकच शाखा, कामं किती!

१८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले. सुरुवातीला नाशिक, खानदेश भागात काम केलं.

पुढे सिंधमधील सक्कर शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम आलं. सिंधू नदीचं पाणी गढूळ आणि गाळण्या बांधायला नगरपालिकेकडे पुरेसा पैसा नाही. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर खणायचं ठरवलं. वाळूच्या थरातून झिरपत येणारं पाणी आपोआप गाळलं जायचं. वाळूनेच गाळणीचं काम केलं! आज हा विषय पर्यावरण अभियांत्रिकीत शिकवतात.

पुण्याजवळच्या खडकवासला धरणावर त्यांनी १९०३ च्या सुमारास स्वयंचलित दारं बसवली. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की दारं आपोआप उघडायची आणि पातळी उतरली की मिटायची. त्यामुळे धरणाची भिंत न वाढवता पाणीसाठा वाढला. कालव्याचं पाणी थोड्याच गावांना न मिळता जास्त गावांना वाटून मिळावं, म्हणून त्यांनी ब्लॉक पद्धत सुचवली.

१९०८ साली मुसी नदीच्या पुराने हैदराबादमध्ये हाहाकार उडाला. निजामाने त्यांना बोलावलं. त्यांनी शहराच्या वरच्या बाजूला पाणी अडवणारे जलाशय बांधायला सांगितले आणि शहराच्या सांडपाण्याची योजनाही आखून दिली. उस्मान सागर आणि हिमायत सागर हे तलाव त्यातूनच पुढे झाले.

१९०९ साली ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवरच्या कृष्णराजसागर धरणाचं काम त्यांच्या काळात सुरू झालं. हे झालं बांधकाम अभियांत्रिकीचं उदाहरण. १९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानचे दिवाण होते. १९१७ साली त्यांनी बंगळूरला अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू करवलं. आपल्याला शिकायला परक्या इलाख्यात जावं लागलं, पुढच्या मुलांना तरी घराजवळ सोय झाली.

१९५५ साली त्यांना भारतरत्न मिळालं. वयाची शंभरी ओलांडून १९६२ साली ते गेले.

आजच्या मुलांसाठी वाटा

दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका करता येते. नंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावी विज्ञान शाखेतून गेल्यास सीईटी किंवा जेईई देऊन चार वर्षांची पदवी करता येते. सिव्हिलमध्येच पाणी, माती, रस्ते, बांधकाम व्यवस्थापन, सांडपाणी हे विषय येतात. काही महाविद्यालयांत बांधकाम किंवा पर्यावरण अशी वेगळी पदवीही असते. प्रवेशाआधी अभ्यासक्रमाचे विषय नक्की वाचा, नुसत्या नावावर जाऊ नका. शिष्यवृत्तीची माहितीही वेळेत काढा.

मुलाला काय आवडतं, तेही बघा. ओढ्याला बांध घालून खेळणारं, पाणी कुठून येतं असं विचारणारं पोर वर्गात असतंच. "सिव्हिलला काय स्कोप आहे?" असं म्हणून त्याला गप्प करू नका.

वर्गासाठी उपक्रम

आपल्या गावच्या नळाला पाणी कुठून येतं आणि गटाराचं पाणी कुठे जातं, हे मुलांना विचारून यायला सांगा. दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्याचा नकाशा काढा. अभियंता दिनाचं खरं भाषण त्या नकाशातूनच तयार होईल.