रविवारची सुट्टी मागणारा स्टोअरकीपर: नारायण मेघाजी लोखंडे नेमके कशासाठी भांडले?

दरवर्षी १० जून आला की व्हॉट्सअपवर एक फोटो फिरतो. खाली लिहिलेलं असतं की यांच्यामुळे आपल्याला रविवारची सुट्टी मिळाली. आपण हात जोडल्याचा इमोजी टाकतो आणि फोटो पुढच्या ग्रुपवर पाठवतो. फोटोतले गृहस्थ म्हणजे नारायण मेघाजी लोखंडे. माहिती खरी आहे, पण अर्धीच. कारण सुट्टी ही त्यांच्या पाच मागण्यांपैकी फक्त एक होती. उरलेल्यांपैकी दोन मागण्या तर कायद्यात यायला त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षं जावी लागली.

लोखंडेंचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. घर फुलमाळी समाजातलं आणि परिस्थिती बेताची. मॅट्रिकपर्यंत शिकले, आणि त्या काळात बहुजन घरातल्या मुलासाठी ही मोठी मजल होती. आधी रेल्वेत आणि टपाल खात्यात नोकरी केली. मग १८७०च्या सुमारास मुंबईत मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले.

हा स्टोअरकीपर शब्द लक्षात ठेवा. ते साच्यावर उभे राहणारे कामगार नव्हते आणि मालकही नव्हते. लिहिता-वाचता येणारा, मालाचा हिशोब ठेवणारा आणि खात्यांत काय चाललंय ते रोज पाहणारा माणूस. अशा जागेवरच्या बहुतेकांनी मालकाची बाजू धरली असती. लोखंडे मात्र १८७४मध्ये महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजात गेले आणि गिरणीकडे बघायची त्यांची नजर बदलली.

त्यांना काय दिसत होतं? मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी उभी करायला घेतली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. गिरणीत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे पाळी सूर्याच्या हिशोबाने चालायची. पहाटे सुरू, अंधार पडला की बंद. म्हणजे हिवाळ्यात दहा-साडेदहा तास आणि उन्हाळ्यात थेट तेरा-चौदा तास. कामावर ठेवणं आणि काढणं जॉबरच्या हातात, आणि नोकरी टिकवायची तर त्याला दस्तुरी द्यायची. महिन्याचा पगार कित्येक आठवडे अडकवून ठेवायचे, म्हणजे कामगार मध्येच सोडून जाऊ शकत नाही. तोवर घर चालायचं सावकाराच्या व्याजावर. रविवारी गिरणी बंद असली तरी यंत्रं साफ करायला सकाळी यावं लागायचं. आणि पट्ट्यात हात गेला तर? मग नशीब. मालकाची जबाबदारी शून्य.

१८८१ साली हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा आला. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेऊ नका, सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नका आणि त्यांना महिन्याला चार सुट्ट्या द्या, असं त्यात होतं. प्रौढ पुरुष आणि बायकांच्या तासांना मात्र काहीच मर्यादा नाही. शिवाय १००पेक्षा कमी माणसं असलेला कारखाना कायद्याबाहेर.

आता या गोष्टीतला गुंता. कामगारांना संरक्षण द्यायला विरोध फक्त गिरणीमालकांचा होता असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. त्या काळातल्या राष्ट्रवादी वर्तमानपत्रांचाही या कायद्यांना कडाडून विरोध होता, आणि त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. इंग्लंडमधल्या लँकशायरच्या कापडवाल्यांना मुंबईच्या स्वस्त सुताची धास्ती वाटायला लागली होती. इथल्या मजुराचे तास कमी करा म्हणून विलायतेत आरडाओरडा होत होता तो काही निव्वळ भूतदयेपोटी नव्हता. देशी गिरण्या नुकत्या कुठे उभ्या राहतायत, त्यांचा गळा घोटण्यासाठी मँचेस्टरने रचलेला हा डाव आहे, असं पुढाऱ्यांना वाटत होतं.

म्हणजे कामगाराची बाजू घेणारा देशी माणूस मँचेस्टरचा हस्तक ठरायचा धोका होता. लोखंडेंनी तो पत्करला. कायदा आणणाऱ्याचा हेतू काय, हा प्रश्न बाजूला ठेवून त्यांनी दुसरा प्रश्न धरला. चौदा तास उभं राहणाऱ्याला जेवायला अर्धा तास मिळतो का? माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला हा सगळ्यात धाडसी निर्णय होता आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी होते. धंदा आधी वाढू द्या, हक्कांचं नंतर बघू, हा युक्तिवाद आजही नवा माल म्हणून विकला जातो. तो किमान दीडशे वर्षं जुना आहे.

त्यांच्या हातात एक हत्यारही होतं. कृष्णराव भालेकरांनी १८७७मध्ये पुण्यात 'दीनबंधू' हे पत्र सुरू केलं होतं. आर्थिक ओढाताणीमुळे ते चालेना, तेव्हा १८८०मध्ये लोखंडेंनी ते मुंबईत आणलं आणि संपादक झाले. शेतकरी आणि कामगार यांचं दुखणं मराठीत छापणारं पत्र म्हणून 'दीनबंधू'चं नाव झालं. संपादक लोखंडे मात्र सावधही होते. फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'ची सुरुवातीची दोन प्रकरणं त्यांनी छापली, पुढची थांबवली, आणि फुल्यांची नाराजी ओढवून घेतली. मूर्तीसमोर हार घालताना हा भाग कुणी सांगत नाही. मला तो सांगावासा वाटतो, कारण सरकारशी कधी आणि किती भिडायचं याचा हिशोब हा माणूस सतत मांडत होता.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांची पाहणी करायला नवं कमिशन नेमलं. कमिशनपुढे कामगारांचं म्हणणं पोचणार कसं? लोखंडेंनी सप्टेंबरमध्ये परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि एक अर्ज तयार केला. त्यावर ५,५०० कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या पाच. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. आधीच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हातात. आणि कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय.

कामगार दिनाच्या इतिहासात ज्या शिकागोचं नाव येतं, तिथला संघर्ष १८८६चा. सुपारीबागेतल्या सभा त्याच्या दोन वर्षं आधीच्या.

याच सुमारास लोखंडेंनी बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन उभी केली. तिला भारतातली पहिली कामगार संघटना म्हणतात. पण आजच्या युनियनसारखं चित्र डोळ्यासमोर आणू नका. सभासदांची यादी नाही, वर्गणी नाही, लिखित नियम नाहीत. पुढे सरकारी अहवालानेही नेमकं यावरच बोट ठेवलं आणि लोखंडे हे कामगारांचे स्वयंसेवी सल्लागार असल्याचं नोंदवलं. इतिहासकारांचाही तिला युनियन म्हणावं की नाही यावर वाद आहे. तांत्रिकदृष्ट्या शंका रास्तच. पण तेव्हा संघटनेला संरक्षण देणारा कायदाच नव्हता, तो आला १९२६मध्ये. नोंदणी करायची कुठे?

अर्जाचं पुढे काय झालं? बराच काळ काहीच नाही. सहा वर्षं अशीच गेली. मग २४ एप्रिल १८९०ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा भरली. दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. साल पुन्हा एकदा वाचा, १८९०. आठवड्याच्या सुट्टीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघटनेकडे गेला आणि १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

रविवारच का? युरोपीय कचेऱ्या रविवारी बंद असायच्या हे एक. दुसरं, रविवार हा खंडोबाचा वार. गिरणगावातल्या घाटावरच्या आणि कोकणातल्या माणसांना तो परका वाटणार नव्हता. सहा दिवस मालकासाठी राबल्यावर एक दिवस स्वतःसाठी आणि समाजाच्या कामासाठी हवा, ही लोखंडेंची मांडणी होती.

त्याच वर्षी सरकारने नवं फॅक्टरी कमिशन नेमलं आणि त्याच्या मुंबईतल्या कामात लोखंडेंनाही घेतलं. १८९१चा सुधारित कायदा त्यातून आला. आठवड्याला एक सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती कायद्यात बसली. बायकांना दिवसाला कमाल ११ तास, नऊ वर्षांखालच्या मुलांना बंदी, आणि कायदा आता ५० माणसांच्या कारखान्यालाही लागू. याचं सगळं श्रेय लोखंडेंना देणं बरोबर नाही, लँकशायरचा दबाव होताच. पण त्या दबावात मुंबईच्या कामगाराचा स्वतःचा आवाज मिसळला तो यांच्यामुळे.

लोखंडे फक्त गिरणीपुरते नव्हते. १८९०मध्येच त्यांनी मुंबईच्या नाभिकांना एकत्र करून विधवांचं केशवपन न करण्याचा ठराव करायला लावला. १८९३च्या दंगलीत हिंदू-मुसलमानांमध्ये समेट व्हावा म्हणून ते झटले. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला.

१८९६च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग आला, पहिला उद्रेक मांडवीत. लोखंडेंच्या गिरणीतल्या नोकरीचा तोच भाग. लोक शहर सोडून पळत असताना ते रुग्णांच्या मदतीत होते. ९ फेब्रुवारी १८९७ला प्लेगनेच त्यांचा बळी घेतला, वय ४९च्या आसपास. महिन्याभरात पुण्यात सावित्रीबाई फुलेही प्लेगने गेल्या. लोखंडेंमागे मिलहँड्स असोसिएशन टिकली नाही.

आता त्या पाच मागण्यांचा हिशोब. सुट्टी आणि विश्रांती १८९१मध्ये मिळाली. प्रौढ पुरुषांच्या तासांना पहिली मर्यादा १९११मध्ये, तीही कापड गिरण्यांपुरती, १२ तासांची. कामावरच्या अपघाताची भरपाई मालकाने द्यायची, हा कायदा १९२३चा, म्हणजे सुपारीबागेनंतर ३९ वर्षांनी. आणि पगार वेळेवर देण्याचा कायदा १९३६चा, ५२ वर्षांनी. त्यात तारीख ठरली महिन्याची ७ किंवा मोठ्या कारखान्यात १०. लोखंडेंनी १५ मागितली होती.

ॲपवरून जेवण पोचवणाऱ्या मुलाचा अपघात झाला तर जबाबदारी कुणाची, हा प्रश्न आपल्या कायद्याने नाव घेऊन हाताळायला सुरुवात केली ती २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत. त्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार हे शब्द पहिल्यांदा आले. परळमध्ये राज्य सरकारची श्रम विज्ञान संस्था आहे, जिथे कामगार कायदे शिकवले जातात. तिला नाव लोखंडेंचंच आहे.