प्रकाशाचा वेग मोजणारे शिक्षक : आल्बर्ट मायकेलसन

प्रकाश एका सेकंदात सुमारे तीन लाख किलोमीटर जातो हे आपली मुले शाळेत शिकतात. बहुतेक वर्गांत हा आकडा फळ्यावर लिहिला जातो, मुले तो वहीत उतरवतात आणि परीक्षेत पुन्हा लिहितात. तो मोजला कसा, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. अमेरिकेतील एका तरुण शिक्षकाने मात्र हा आकडा विद्यार्थ्यांना नुसता सांगायचा नाही, मोजून दाखवायचा असे ठरवले आणि त्या एका पाठातून त्याच्या साऱ्या आयुष्याचे काम उभे राहिले. त्या शिक्षकाचे नाव आल्बर्ट मायकेलसन.

त्यांचा जन्म १९ डिसेंबर १८५२ रोजी, तेव्हा प्रशियाच्या राज्यात असलेल्या व आज पोलंडमध्ये असलेल्या स्त्रेल्नो या गावी झाला. आल्बर्ट अगदी लहान असतानाच आईवडिलांनी समुद्र ओलांडून अमेरिका गाठली. आपलेही पूर्वज मुंबईच्या बंदरातून गलबतात बसून या बेटावर आले, त्यामुळे परक्या मुलखात नव्याने संसार मांडणे म्हणजे काय हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. वडिलांनी कॅलिफोर्निया आणि नेवाडा येथील खाणकामगारांच्या वस्त्यांत दुकान चालवले. मुलगा हुशार, पण महागड्या शिक्षणाला पैसा कुठला? नौदलाच्या अकादमीत शिक्षण फुकट मिळत असे, म्हणून १८६९ साली या सोळा वर्षांच्या मुलाने देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्रवास केला आणि वॉशिंग्टनला जाऊन खुद्द राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांची भेट घेतली. अध्यक्षांच्या हातातील दहाही जागा भरल्या होत्या. तरी अखेर या मुलासाठी अकरावी जागा निघाली! १८७३ साली तो पदवीधर झाला. प्रकाशशास्त्रात तो वर्गात पहिला होता. नौकानयनात मात्र शेवटच्या काही विद्यार्थ्यांत त्याची गणना झाली.

दोन वर्षे जहाजावर काढल्यावर १८७५ साली त्यांना अॅनापोलिसच्या त्याच अकादमीत पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र शिकवण्याचे काम मिळाले. विभागप्रमुख सॅम्पसन यांनी त्यांना प्रकाशाच्या वेगाचा प्रयोग वर्गासाठी तयार करण्यास सांगितले. फ्रान्समध्ये फूको यांनी १८६२ साली तो प्रयोग केला होता. युक्ती अशी : प्रकाशाचा किरण वेगाने फिरणाऱ्या आरशावर पाडायचा. तेथून तो दूरच्या स्थिर आरशाकडे जातो आणि परत येतो. तेवढ्यात फिरता आरसा किंचित वळलेला असतो, म्हणून किरण मूळ जागी न पडता थोडा बाजूला पडतो. तो किती सरकला आणि आरसा सेकंदाला किती फेऱ्या घेतो हे कळले, की जाण्यायेण्याचा वेळ हिशेबाने काढता येतो. फूको यांच्या प्रयोगात किरण एक मिलिमीटरसुद्धा सरकला नव्हता. इतकी बारीक गोष्ट वर्गाला दाखवायची कशी?

पंचविशीतल्या या शिक्षकाने भिंगाची जागा बदलली. त्यामुळे दोन आरशांमधील अंतर पुष्कळ वाढवता आले. १८७८ साली पहिली मोजणी झाली. फिरत्या आरशासाठी सुमारे दहा डॉलर खर्च आला. पुढील वर्षी सासऱ्यांनी दोन हजार डॉलर दिले आणि अकादमीच्या समुद्राकाठच्या भिंतीलगत सुमारे दोन हजार फुटांवर स्थिर आरसा बसला. हवेच्या झोताने फिरणारा आरसा सेकंदाला अडीचशेवर फेऱ्या घेत असे. सेकंदाचे दहा लाख भाग केले तर त्यांतील चार भागांत प्रकाश जाऊन परत येई. तेवढ्यात आरसा एका फेरीचा जेमतेम हजारावा भाग वळे. पण किरण आता १३३ मिलिमीटर सरकला, म्हणजे साध्या पट्टीवर दिसेल इतका! वेग निघाला सेकंदाला २,९९,९०० किलोमीटरच्या जरा वर. या हिशेबाने आपल्या बेटावरून निघालेला प्रकाश सरळ मुंबईला जाऊ शकला असता, तर त्याला सेकंदाचा साठावा भागही लागला नसता.

हा आकडा का महत्त्वाचा, हे मुलांना येथेच सांगावे असे आम्हांस वाटते. विद्युतभाराभोवती विद्युत क्षेत्र असते. भार हलवला की ते क्षेत्र बदलते, बदलत्या विद्युत क्षेत्रातून चुंबकीय क्षेत्र उपजते आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रातून पुन्हा विद्युत क्षेत्र. अशी ही लहर पुढे धावते. मॅक्सवेल यांनी १८६५ साली निव्वळ विजेच्या व चुंबकाच्या मोजमापांवरून या लहरीचा वेग काढला, तर तो प्रकाशाच्या वेगाशी जुळला. म्हणजे प्रकाश हीच विद्युतचुंबकीय लहर! १८८८ च्या सुमारास जर्मनीत हर्ट्झ यांनी अशा लहरी प्रयोगशाळेत निर्माण केल्या. रेडिओच्या लहरी, चुलीची ऊब, दवाखान्यातील क्ष-किरण ही सारी एकाच कुळातली भावंडे आहेत. लांबी वेगळी, पण निर्वात पोकळीत वेग एकच.

पण लहर म्हटली की ती कशात तरी उठायला हवी, असे तेव्हाचे विद्वान मानत. त्या माध्यमाला ते ईथर म्हणत. मायकेलसन यांचाही ईथरवर विश्वास होता. १८८७ साली क्लीव्हलँड येथे मोर्ली यांच्यासह त्यांनी पाऱ्यावर तरंगणाऱ्या दगडी शिळेवर आरसे मांडले, किरणाचे दोन भाग करून ते काटकोनात पाठवले आणि परत एकत्र आणले. पृथ्वी ईथरमधून धावत असेल तर दोन किरणांत फरक पडायला हवा होता. अपेक्षेइतका फरक काही दिसला नाही. त्यांना हे रुचले नाही, तरी त्यांनी निकाल जसा आला तसा छापला. आमच्या मते हेच त्यांचे सर्वांत मोठे धैर्य. १९०५ साली आइनस्टाइन यांच्या सिद्धांतात ईथरची गरजच उरली नाही. मायकेलसन यांना मात्र तो शेवटपर्यंत सोडवेना.

१९०७ साली विज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळवणारे ते पहिले अमेरिकन ठरले. तेव्हा ते शिकागो विद्यापीठात पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख होते. स्वभावाने तुटक. संशोधन करणारे विद्यार्थी त्यांना नकोसे होत, म्हणून ते काम त्यांनी मिलिकन यांच्यावर सोपवले. शिक्षक म्हणून हे आम्हांस खटकते.

सत्तरी ओलांडल्यावर ते पुन्हा आपल्या जुन्या पाठाकडे वळले. कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवरून त्यांनी पस्तीस किलोमीटर दूरच्या शिखरावर किरण पाठवला. या वेळी आठ पैलूंचा आरसा सेकंदाला ५२८ फेऱ्या घेत होता. १९२६ साली वेग जाहीर झाला : २,९९,७९६ किलोमीटर. तरी समाधान नाही. वाटेतील हवेचा अडथळा नको, म्हणून सांता आना येथे एक मैल लांबीची निर्वात नळी बांधली गेली. मोजणी चालू असतानाच ९ मे १९३१ रोजी पासाडीना येथे त्यांचे निधन झाले. सहकारी पीज व पिअरसन यांनी काम पुरे केले आणि त्यांचा आकडा आला २,९९,७७४. १९८३ सालापासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून केली जाते आणि त्यासाठी वेग २,९९,७९२.४५८ किलोमीटर असा ठरवलेला आहे. म्हणजे निर्वात नळीपेक्षा डोंगरावरच्या उघड्या हवेत म्हाताऱ्या मास्तरांनी काढलेला आकडाच अधिक जवळचा निघाला.